शब्दाखालचं दुकान

माझ्या वडिलांकडे लोक शब्दांचे अर्थ विचारायला यायचे. साताऱ्यात आमच्या वस्तीत याचं कुणाला नवल वाटत नसे. ताप आला की दवाखान्यात जायचं, दाखला हवा असेल तर तलाठ्याकडे, आणि वंदनेतला एखादा शब्द अडला की आबांकडे. आबा संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. येणारा आधी आईशी पाऊसपाण्याचं बोलायचा, चहा घ्यायचा, आणि उठता उठता विचारायचा.

आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा पाली भाषा त्यांना अगदी नवीन होती. त्यांनी ती ऐकून ऐकून पाठ केली. माझ्या लहानपणापर्यंत ती घराघरात मुरली होती. लग्न असो, नव्या घरात पाऊल टाकायचं असो, नाहीतर कुणाला शेवटचं पोचवायचं असो, सगळे एका सुरात म्हणायचे. पण मधेच एखाद्या म्हातारीला प्रश्न पडायचा. "आवं, आपण म्हनतोय खरं, पण म्हनतोय काय?"

आबा फौजेत क्लार्क होते. उत्तरेकडे पोस्टिंग असताना सुट्टीच्या दिवशी एका भंतेंपुढे बसून ते पाली शिकले. पेन्शनीवर घरी आले ते दोन ट्रंका, एक रेडिओ आणि ही भाषा घेऊन. मग त्यांनी एक लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर आणलं आणि त्यात तीन रकाने आखले. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, आणि तिसऱ्याचं नाव 'विचारणार'. तिसऱ्या रकान्यात ते लिहायचे: 'कोरेगावची एक आजी.' 'एसटी वर्कशॉपमधले दोघे.' 'नवरीची आई, मांडवात.'

मी एकदा विचारलं, "आबा, हा रकाना कशाला?"

"तिनं विचारलं म्हणून मी शोधला. मला एकट्याला कुठं सुचलं असतं? कुठनं आलं ते लिहून ठेवावं माणसानं."

मी तेव्हा सांगलीत होते. एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, जे येईल ते टाइप करायची. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम. दुपारी मालक जेवायला घरी गेले की तासभर मशीन मोकळं असायचं. त्या तासात मी आबांचं रजिस्टर टाइप करायची. आबा दर आठवड्याला काही पानं झेरॉक्स करून द्यायचे. शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून मी साताऱ्याला जायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली की मांडीवर कागद पसरून चुका तपासायची. शेजारच्या बायका डोकावून म्हणायच्या, "परीक्षा हाय व्हय गं?"

त्या रजिस्टरचं पुस्तक व्हावं एवढीच इच्छा होती. वस्तीतल्या विहाराचं एक लहानसं वाचनालय होतं, आबा त्याच्या कमिटीचे सेक्रेटरी. वाचनालयाच्या नावानं छापायचं असं ठरलं होतं, पण छपाईचा खर्च ऐकून कमिटी दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलायची.

अशात आमच्या दुकानात एक तरुण आला. सांगलीचाच, अमेरिकेत इंजिनिअर. भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता. पत्रिकेचं प्रूफ बघायला माझ्याशेजारी बसला आणि स्क्रीनवर उघडं राहिलेलं आबांचं पान वाचत राहिला.

"ताई, हे काय आहे?"

मी सांगितलं. त्यानं पुढची पानं मागितली. पत्रिका बाजूलाच राहिली. म्हणाला, "हे छापू नका. म्हणजे छापा, पण त्याआधी इंटरनेटवर टाका. मी जागा घेतो. जगात कुठूनही माणूस वाचेल, फुकट."

मला इंटरनेट ऐकून माहीत होतं. आबांना तेही नव्हतं. साताऱ्याला जाऊन मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "वाचणाऱ्याला पैसे पडनार न्हाईत ना?"

"नाही."

"मग मंजूर."

ते काम आठवलं की आजही मन हलकं होतं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर दिसायची नाहीत, नुसते चौकोन आणि वाकडीतिकडी चिन्हं उमटायची. म्हणून प्रत्येक शब्द टाइप करायचा, त्याचं चित्र करायचं, ते फ्लॉपीवर घ्यायचं आणि स्टेशन रोडच्या सायबर कॅफेतून पाठवायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग गप्प व्हायचा. गप्प झाला की लागली लाइन. एकेक चित्र वर जायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी डबा खाऊन घ्यायची. प्रत्येक अर्थाखाली आबांनी एकेक इंग्रजी ओळही दिली होती. फौजेच्या पत्रव्यवहारातलं इंग्रजी ते, कडक आणि थोडकं. इंजिनिअर म्हणायचा, यातला एक शब्दही बदलायचा नाही.

तीन-चार महिन्यांत ई-मेल येऊ लागले. मी ते कॅफेत छापून घ्यायची, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालायची आणि शनिवारी घेऊन जायची. आबा चष्मा पुसून तयार बसलेले असायचे. कॅनडातली एक नर्स, नागपूरचा एक विद्यार्थी, फौजेतला एक जवान. श्रीलंकेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी आबांचा एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दाखवून दिला. मला वाटलं आबांना वाईट वाटेल. ते खुर्चीतून उठले, आईला आत जाऊन सांगून आले, "चूक निघाली माझी, लंकेतनं!" आणि साइटवर त्या शब्दाखाली लिहायला लावलं की ही दुरुस्ती एका वाचकाची आहे.

उत्तरं ते शाईच्या पेनानं लिहायचे. मी सोमवारी टाइप करून पाठवायची. प्रश्न निघून साताऱ्याहून उत्तर जाईपर्यंत दहा-बारा दिवस सहज जात. कुणी कधी तक्रार केली नाही.

मग इंजिनिअरचा एक मेल मला आला, आबांना नाही. साइटला लोक वाढले होते, चित्रांमुळे जागाही जास्त लागत होती, आणि त्या जागेचं भाडं वाढलं होतं. त्यानं एक मार्ग सुचवला. तिकडं पुस्तकांचं एक मोठं दुकान आहे, सगळा धंदा इंटरनेटवरच. आपण शब्दाच्या अर्थाखाली एखाद्या पुस्तकाचं नाव द्यायचं आणि त्याला लिंक लावायची. त्या लिंकवरून जाऊन कुणी पुस्तक घेतलं तर दुकान आपल्याला किमतीतला थोडा हिस्सा देतं. घेणाऱ्याला किंमत तीच पडते. त्यानं शेवटी लिहिलं होतं, "कुणाचंच नुकसान नाही, ताई. भाडं सुटेल आणि उरलं तर वाचनालयाला पुस्तकं पाठवू."

मी ते चार वेळा वाचलं. मला त्यात खोट दिसली नाही. तरीही त्या शनिवारी मी ते पान फोल्डरमध्ये घातलं नाही. आबांना एवढंच म्हणाले, "अर्थाखाली पुस्तकांची नावं टाकायची म्हणतोय तो."

आबा खूश झाले. "उत्तम. ज्याला खोलात जायचंय त्याला वाट पायजेच." लगेच त्यांनी यादी करायला घेतली. पाच-सहा पुस्तकं. प्रत्येकापुढे शेरा. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकापुढे त्यांनी लिहिलं: 'पहिली चाळीस पानं चांगली. पुढं घाई केलेली आहे. नवशिक्यानं घेऊ नये.' आणि यादीत सगळ्यात वर त्यांनी एक पातळ मराठी पुस्तिका ठेवली होती. तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतः छापलेली, जयंतीला रस्त्याकडेच्या स्टॉलवर मिळायची. 'सुरुवात इथून करावी,' असा तिचा शेरा.

ती पुस्तिका अमेरिकेच्या दुकानात असणं शक्यच नव्हतं. मग तिला लिंक कुठून लावणार? इंजिनिअर म्हणाला, सध्या राहू दे, नंतर बघू. आणि त्या जाड पुस्तकाखालचा शेरा मी काढून टाकला. मला कुणी काढ म्हणालं नव्हतं. 'नवशिक्यानं घेऊ नये' असं लिहून खाली दुकानाचा रस्ता दाखवायचा हे मलाच विचित्र वाटलं. कॅफेत बसले होते, तास संपत आला होता, मी ती ओळ निवडली आणि पुसली.

पुढं पुढं ते अंगवळणी पडलं. एखाद्या शब्दाला कुठलंच पुस्तक सांगायची गरज नसायची, तिथंही मी एखादं चिकटवायची. पाली शब्द कोणताही असला तरी त्या जाड पुस्तकात तो सापडायचाच. म्हणून बहुतेक ठिकाणी तेच. पावसाळा संपता संपता वाचनालयाच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. पाच नवी कोरी पुस्तकं. आबांनी प्रत्येकावर शिक्का मारला आणि मला विचारलं, "दान कुणाचं म्हणून लिहू?"

मी म्हणाले, "वाचकांचं."

त्यांनी तसं लिहिलं.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. रविवार होता, मी घरी होते. दुपारी एक बाई दारात आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात मोठी कापडी पिशवी. तासगावहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. आईनं पाणी दिलं. त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "शब्दाचा अर्थ सांगनारं गुरुजी हितंच ऱ्हातात न्हवं?"

आबा बाहेर आले. बाईंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं. मी उंबऱ्यात उभी होते. पुस्तक बघितल्याबरोबर ओळखलं. तेच जाड, इंग्रजी.

"हे तुमी सांगितलं म्हनून लेकानं मागवलं," त्या म्हणाल्या. "तो पुन्यात कॉम्प्युटरवर काम करतोय. मी त्याला एक शब्द विचारला हुता, त्यानं तुमच्या मशीनवर बघितला. म्हनला, आई, खाली पुस्तक घ्या म्हनून सांगितलंय. त्याच्या हापिसातलं एक मानूस अमेरिकेला गेलं हुतं, त्याच्याकडनं आनलं. लय म्हाग हाय म्हनं. आता मला तर विंग्रजी येत न्हाई. तेवढा माझा शब्द ह्यात कुठं हाय, दावता का?"

"कुठला शब्द?" आबांनी विचारलं.

"अप्पमाद. पंचशीलात पमाद म्हनतो आपन आन् दुसरीकडं अप्पमाद. दोन्ही येकच का येगळं? मी बेदान्याच्या शेडवर जाते, तिथं आमच्या दोघी-तिघींचं ह्यावरनं भांडान झालं."

आबांनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं. मागची सूची बघितली, एक पान काढलं, वाचलं, मिटलं. मग बाजूला ठेवून खाली त्यांच्यासमोर पायरीवरच बसले.

"मला सांगा, शेडवर बेदाणा वाळत टाकलाय आणि आभाळ आलं, तर तुमी काय करता?"

"काय करनार! हातातलं टाकून पळायचं. जाळ्या झाकायच्या. वल लागली की काळा पडतोय माल."

"आणि कुणी म्हणलं, बघू मगाशानं, येतंय कशाचं पानी?"

"त्येचा माल गेला की वं."

"ते म्हंजे पमाद. आणि तुमी पळता ते अप्पमाद. पुढं अ लागला की उलटं झालं. जागं राहणं, हयगय न करणं."

बाई हसल्या. "म्हंजे माझंच बरुबर हुतं. मी तेच सांगत हुते त्या बयांना."

आबांनी रजिस्टर मागवलं. शब्द आधीपासून लिहिलेला होता. तिसऱ्या रकान्यात जागा करून त्यांनी लिहिलं, 'बेदाण्याच्या शेडवरच्या बाई, तासगाव.' मग आत जाऊन ती पातळ पुस्तिका आणली आणि बाईंना दिली. "ही तुमच्याच तासगावची हाय. मराठी. लेकाला म्हणावं, वाचून दाखव."

बाईंनी पुस्तिका कपाळाला लावली आणि जाड पुस्तकासोबत पिशवीत टाकली. आईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना त्या शेडबद्दल, सुनेबद्दल, द्राक्षाच्या हंगामाबद्दल भरभरून बोलल्या. आबा हूं हूं करत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी बाईंना रिक्षात बसवून परत आले तर ते ओट्यावर तसेच बसलेले.

"त्या पुस्तकावर मी काय शेरा दिला हुता?"

"नवशिक्यानं घेऊ नये," मी म्हणाले.

"मग त्या म्हणतात, मी सांगितलं घ्या म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. भाडं, दुकान, हिस्सा, लिंक, पुसलेली ओळ, पार्सल. सांगता सांगता माझाच आवाज चढला. "आबा, कुणाला फसवलेलं नाही. किंमत तीच पडते. आम्ही कुणी स्वतःसाठी काही घेतलं नाही. वाचनालयालाच आलं ना सगळं?"

"फसवलं म्हणतोय कोण?" ते शांतपणे म्हणाले. "मी एवढंच विचारतोय, मला का न्हाई सांगितलंस?"

सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग तेच पुढं म्हणाले. "दुकानदारानं पुस्तक विकावं. त्यात वावगं काय न्हाई, माझीबी पुस्तकं दुकानातनंच आलेली हाईत. पण तो दुकानात हुबा असतो. गिऱ्हाइकाला दिसतं, हा विकणारा हाय. मग ते विचार करून घेतं. ह्या बाईला काय दिसलं? तिला दिसलं की अर्थ सांगणारा मानूस पुस्तक घ्या म्हणतोय. तिनं दुकानावर न्हाई, माझ्यावर इश्वास टाकला."

आई मधे म्हणाली, "आवं, पोरीनं चांगल्यासाठीच केलं."

"मला ठावं हाय. म्हणून तर रागावलो न्हाई."

रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी विहारात कमिटी बसली. सात जण, सतरंजीवर. आबांनी सगळं सांगितलं आणि ओळ मी पुसली हे न सांगता 'आमच्याकडनं पुसली गेली' असं म्हणाले. मीच मग हात वर करून सांगितलं. लिंका काढून टाकाव्यात असं आबांचं म्हणणं. पण कमिटीतल्या एका शिक्षिकेला ते पटलं नाही. त्या साताऱ्यातल्याच शाळेत शिकवायच्या, स्पष्ट बोलायच्या. म्हणाल्या, "दादा, वाचनालयाला दुसरं उत्पन्न काय आहे? पाच पुस्तकं आली, पोरं ओढून नेतात. लिंक वाईट नाही. लपवली ते वाईट. उघड लिहा ना."

"उघड लिहिलं तरी शब्दाखाली दुकान राहतंच की," आबा म्हणाले.

"मग शब्दाखाली नको. वेगळं पान करा. ज्याला जायचं तो जाईल."

तासभर चाललं. शेवटी शिक्षिकेचं म्हणणं बहुतेकांनी उचललं आणि आबांनी, चेहऱ्यावरून दिसत होतं की पूर्ण पटलं नाही तरी, मान्य केलं. अर्थाखाली काही नाही. पुस्तकांचं एक स्वतंत्र पान, त्याच्या माथ्यावर स्पष्ट ओळ की इथून पुस्तक घेतलंत तर वाचनालयाला हिस्सा मिळतो. सगळे शेरे जसेच्या तसे. तासगावची पुस्तिका सर्वांत वर, लिंक नसली तरी. आणि त्या बाईंच्या मुलाला पत्र लिहून सांगायचं की चूक आमची झाली, पुस्तक परत करायचं असेल तर वाचनालय ते विकत घेईल.

ते पत्र मी लिहिलं. दहा वेळा खोडून. मुलाचं उत्तर आलं की आईला ते पुस्तक द्यायचं नाही, ती त्याला टॉवेलात गुंडाळूनच ठेवते, पाहुणे आले की दाखवते. आणि पुस्तिका तिनं त्याच्याकडं पुण्याला पाठवून दिली आहे, रोज संध्याकाळी फोनवर वाचून घेते. एसटीडीचं बिल फार येतं, असंही त्यानं लिहिलं होतं.

इंजिनिअरला हे कळवणं जास्त अवघड गेलं. त्याचा मेल लगेच आला आणि दुखावलेला होता. 'नवशिक्यानं घेऊ नये' असं लिहिलेल्या पुस्तकावर कोण जाईल, असं त्यानं विचारलं होतं. खाली आणखी एक वाक्य होतं. लिंकांतून भाडं कधीच सुटलं नव्हतं. पार्सलातली तीन पुस्तकं त्यानं स्वतःच्या खिशातून घेतली होती. आम्हाला संकोच वाटू नये म्हणून बोलला नव्हता.

मी ते पान या वेळी फोल्डरमध्ये घातलं. आबांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. "हाबी तुझ्यासारखाच निघाला," म्हणाले. मग शिक्का मारलेली ती पुस्तकं काढून तिन्हींवर 'वाचकांचं दान' खोडून इंजिनिअरचं नाव घातलं. त्याला आपल्या हातानं पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

पत्राचा असर झाला असावा. पुढच्या सुट्टीत तो सांगलीहून मुद्दाम साताऱ्याला आला. तो आणि आबा पहिल्यांदाच भेटत होते. मी मधे पडायच्या तयारीत होते, पण दोघांनी एकमेकांची चौकशी करण्यातच अर्धा तास घालवला. मग जेवायला बसल्यावर वाद सुरू झाला. तो म्हणत होता, "काका, फुकट ठेवायचं असेल तर कुणीतरी कुठंतरी पैसे भरतोच. ते मी भरले काय, दुकानानं भरले काय, फरक काय?" आबा म्हणत होते, "तू भरतोस ते मला माहीत असलं तर फरक न्हाई." भाकरी मोडत, पाणी पीत दोघं बराच वेळ भांडले. कुणी हरलं नाही. आईनं केलेलं वांगं मात्र त्यानं तीनदा घेतलं. जाताना सांगितलं की आबांचा तो कडक शेरा वाचून एका माणसानं उलट मेल केला होता: शेरा इतका सरळ आहे तर अर्थही सरळच असणार. आबा मोठ्यानं हसले.

साइट त्यानंतर दोन-अडीच वर्षं चालली. मग त्याची नोकरी बदलली, संसार वाढला, भाड्याची आठवण एकदा राहून गेली आणि एक दिवस कॅफेत पत्ता टाकला तर पान सापडलं नाही, एवढंच आलं. मी पुनःपुन्हा टाकून बघितलं. वाईट वाटलं, पण त्याच्यावर राग आला नाही. आमचं काहीच त्यानं घेतलं नव्हतं. माझी नोकरीही सुटली होती, लग्न ठरत होतं, शनिवारच्या त्या एसटीचं पर्व तसंही संपत आलं होतं.

पण लोकांकडे मेलचा पत्ता होता, आणि प्रश्न येत राहिले. तोवर साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एक कॅफे उघडला होता. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात मी आबांना तिथं घेऊन गेले. त्यांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची पुढं ओढून एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ते कॅनडातल्या नर्सला उत्तर टाइप करू लागले. प्रत्येक अक्षर उमटलं की वर बघायचे, बरोबर आलंय का म्हणून. मी शेजारच्या स्टुलावर बसून पेपर चाळत होते. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, पंखा गरगरत होता.

तास संपला. कॅफेवाला येऊन म्हणाला, "काका, टाइम झाला."

आबांनी मान वर न करता खिशात हात घातला. "अजून अर्धा तास दे बाबा," ते म्हणाले, "आत्ता कुठं दुसऱ्या ओळीवर आलोय."